माना वर आल्या की थांबायचं

पहाटे ४:३०
फेब्रुवारी सरत आला तरी उजनीच्या काठावर या वेळी कानटोपी लागतेच. काल तिन्हीसांजेला टाकलेली जाळी उजाडायच्या आत काढायची. हाती येते ती बहुतेक चिलापी. नशीब असेल तर एखादा कटला. पट्टकदंब (बार-हेडेड गूज) रात्री ज्या अंगाला उतरतात तिकडे आम्ही जाळी लावत नाही. दोन-अडीच किलोचा पक्षी नायलॉनमध्ये गुरफटला की जितका ओढतो तितका आवळला जातो. जाळ्याचे तुटके तुकडेसुद्धा पाण्यात न टाकता पोत्यात भरून काठावर आणतो.

सकाळी ६:००
मासळी भिगवणच्या बाजाराकडे निघाली. होडी धुऊन आधी काठावरची खुंटी बघायची: पाणी किती उतरलं? माझा हंगाम ही खुंटी ठरवते. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इथली शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. धरणात पाणी मावतं सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणून ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशी बातमी आली, तरी कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला पाणी अगदी संपत नाही. ते हळूहळू मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या चिखलावर रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. पाणी तुडुंब असलं तर त्यांचे पाय टेकत नाहीत. पाणी सोडायचा निर्णय होतो सोलापूरच्या शेतीसाठी, पिण्यासाठी. पक्ष्यांचं ताटही त्याच निर्णयाने वाढलं जातं.

सकाळी ७:००
पुण्याहून आलेले पाहुणे होडीत बसले. निम्म्या वाटेपर्यंत इंजिन, मग बंद. पुढे लांब बांबू चिखलात रोवून होडी ढकलायची. समोर रोहितांचा थवा मान खाली घालून चरतोय. चोच उलटी करून पाणी आत ओढायचं, जिभेच्या दट्ट्याने बाहेर सोडायचं, चोचीच्या कडांच्या चाळणीत अडकेल ते गिळायचं. पंखांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. थव्यात मळकट राखी दिसतात ती पिल्लं, अजून रंग न चढलेली. यांची वीण कच्छच्या रणात, चिखलाच्या बुटक्या उंचवट्यांवर होते.

सकाळी ९:३०
“दादा, जरा उडवा ना. उडतानाचा फोटो हवाय.”

हे वाक्य जवळजवळ रोज येतं. मी बांबू रोवून होडी थांबवतो आणि म्हणतो, “ताई, त्यांच्या माना बघा.” चरणाऱ्या रोहिताची मान खाली असते. आपण फार जवळ गेलो की आधी कडेच्या दोन-चार माना वर येतात, मग सगळ्यांच्या. थवा एका दिशेने चालू लागतो. त्याच्यापुढची पायरी म्हणजे पाण्यावरून धावत घेतलेली झेप. पहिल्या माना वर आल्या की मी थांबतो. तेवढ्यावर ऐकलं नाही तर थवा उठतोच. उठलेल्या थव्याचं चरणं मोडतं, अंगातली शक्ती खर्च होते आणि पुढच्या होडीने पुन्हा उठवलं तर दिवसभर हेच चालतं. ताईंनी कॅमेरा मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने माना पुन्हा खाली गेल्या, तेव्हा त्यांनी काढलेला फोटो मला फार आवडला.

दुपारी १२:३०
ऊन तापलं. पट्टकदंब उथळ पाण्यात विसावलेत. पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुरूनही दिसतात. तिबेट, लडाख, मंगोलियातल्या सरोवरांवर यांचा जन्म. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकदंब भारतातल्या तलावांवर दिसले आहेत. हिमालय ओलांडणाऱ्या एका पट्टकदंबाची उंची यंत्राने मोजली ती ७,२९० मीटर. तिथे हवा विरळ, पण यांचं रक्त तिच्यातलाही प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. तरी इंधन लागतंच, आणि ते म्हणजे इथल्या दाण्यापाण्यावर धरलेली चरबी. दुपारी त्यांच्या बाजूला होडी नेत नाही. पाहुण्यांना भाकरी, चिलापीचं कालवण आणि सावली देतो.

संध्याकाळी ६:४५
सूर्य टेकला. पट्टकदंबांची रांग कलकलाट करत शिवाराकडे निघाली. हरभरा, गव्हाचे कोवळे कोंब त्यांना आवडतात, आणि ज्याचं रान त्याला ते परवडत नाही. शेजारचे तात्या डबा वाजवत बांधावर उभे. “तुझ्या पाहुण्यांनी माझं खाल्लं,” ते म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. होडीवाल्याला पक्ष्यांमुळे चार पैसे मिळतात, शेतकऱ्याच्या वाट्याला राखण येते. म्हणून जेवायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हरभरा, भाजी, ज्वारी आम्ही तात्यांकडूनच घेतो. नुकसान पुरतं भरत नाही, पण डबा वाजतो आणि दगड भिरकावला जात नाही.

रात्री ९:००
होडीवाले पारावर जमलो. कोणाच्या फेरीत थवा उठला, त्याची चर्चा झाली. एकाने जादा पैशांसाठी पक्षी उडवले की दुसऱ्याच्या होडीतला पाहुणाही तेच मागतो; नियम पाळायचा तर सगळ्यांनीच. महिन्याभरात पट्टकदंब उत्तरेला लागतील, तोवर त्यांना पोटभर चरू द्यायचं. उद्या रविवार, गर्दी होणार. ठरलं ते असं: होडीत पाय ठेवण्याआधीच प्रत्येकाला सांगायचं, पक्षी उडवून मिळणार नाहीत. ज्याला हे चालत नसेल त्याचे पैसे तिथेच परत.