माडाच्या रोगाचा वाहक कोण?

हिंवताप डांसामुळें पसरतो, हें आज शाळेंतल्या मुलालाही ठाऊक असतें. पण तें सिद्ध करतांना रोनाल्ड रॉस यांस किती डांस फाडून पाहावे लागले, याची कल्पना थोड्यांनाच असेल. डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतू १८९७ सालीं सांपडले. पण तेवढ्यानें काम भागलें नाहीं. ते त्याच्या लाळेच्या पिंडांत पोंचतात, हें पुढच्या वर्षीं पक्ष्यांच्या हिंवतापावरून दिसून आलें, तेव्हां कोठें साखळी जुळली. झाडांच्या रोगांनाही हाच न्याय लागतो. आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे तें केरळांतील माडाचें उदाहरण.

१८८२ सालच्या मोठ्या पुरानंतर कोट्टयमच्या बाजूस माडांना एक विचित्र रोग जडल्याचें दिसून आलें. झावळ्यांच्या पाती लुळ्या पडून बरगड्यांप्रमाणें आंत वळतात, पिवळ्या होतात, कडा करपतात. मुळें कुजतात, नारळ कमी धरतात. मुळांच्या कुजण्यावरून या रोगास ‘रूट विल्ट’ असें नांव पडलें. यानें माड मरत नाहीं. तो वर्षानुवर्षें उभा असतो, आणि खरी अडचण तीच आहे.

आरंभीं संशय बुरशीवर होता, मग विषाणूवर. १९६७ सालीं जपानी शास्त्रज्ञांना तुतीच्या रोगट झाडांत भिंत नसलेल्या पेशींचे अतिसूक्ष्म जंतू आढळले. आज त्यांस फायटोप्लाझ्मा म्हणतात. तसलेच जंतू केरळच्या रोगट माडांत असल्याचें १९८३ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दाखविलें. हे जंतू झाडाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतच राहतात. वाऱ्यानें ते उडत नाहींत. एका झाडाच्या नळींतून दुसऱ्याच्या नळींत त्यांना कोणी तरी नेऊन घातलें पाहिजे.

तें कोण नेतो? झावळीच्या खालच्या अंगास जाळीदार पंखांचा एक इवलासा ढेकूण असतो. केळीवरही तो सांपडतो. त्याच्यावर संशय जुना होता. पण रोगट झाडावर सांपडला एवढ्यावरून कोणी वाहक ठरत नाहीं, नाहींतर मुंग्यांनाही दोषी धरावें लागेल. शिवाय आक्षेप मोठा होता. या जातकुळीचे ढेकूण बहुधा पानाचा गर शोषतात, नळीपर्यंत जात नाहींत. चोराचा हात तिजोरीपर्यंत पोंचतच नसेल, तर त्यानें चोरी केली कशी? तेव्हां संशोधकांनीं कीटकाची सोंड पानांत कोठवर शिरते, हें तपासलें. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या तपासणींत ती अन्नरसाच्या नळीपर्यंत पोंचत असल्याचें आढळलें.

तत्पूर्वींच, १९८७ सालीं, त्याच्या शरीरांत जंतूंची वाढ होते असें दिसलें होतें. रोगट रस पिणाऱ्या कोणत्याही किड्याच्या पोटांत जंतू सांपडतील; ते पोटाची भिंत ओलांडून लाळेच्या पिंडांत गेले, तरच पुढच्या चाव्याबरोबर बाहेर पडतील. या प्रवासास कांहीं आठवडे लागतात.

अखेरची कसोटी मात्र जाळीच्या पिंजऱ्यांतली. रोगट झावळीवर पोसलेले ढेकूण निरोगी रोपांवर सोडावयाचे, बाहेरचा एकही किडा आंत येऊं द्यावयाचा नाहीं, आणि वाट पाहावयाची. गव्हावरचा प्रयोग एका हंगामांत उरकतो; माडाच्या रोपावर लक्षणें उमटावयास मात्र फार काळ लागतो, आणि तेवढ्या काळांत जाळीस एक भोंक पडलें तरी सारें व्यर्थ. माझ्या मतें या शोधांतलें सर्वांत खडतर काम हेंच. तें तडीस जाऊन १९९० सालीं रोपांवर रोगसंक्रमण झाल्याचें प्रसिद्ध झालें.

पुढें एक तुडतुडाही वाहक असल्याचें दिसून आलें. त्याचीं पिलें माडावर राहतच नाहींत. तीं कुजणाऱ्या पालापाचोळ्यांत वाढतात. म्हणजे शेंड्यावर औषध फवारूनही पुढची पिढी खालीं सुरक्षितच. यास्तव ज्या भागांत रोग तुरळक आहे, तेथें रोगट माड तोडून टाकावा, असा सल्ला देतात. तो तोडला, तर तेथून जंतू नेण्यास वाहकास कांहीं उरत नाहीं. पण ज्याच्या परसांत तो माड उभा आहे, त्याला अजून वर्षाकांठीं थोडेफार नारळ मिळतच असतात, आणि कुऱ्हाड घालावयास त्याचा हात धजत नाहीं.