वेफर्सच्या पुडीतले थर

काटेवाडी हे ग्रामस्वच्छतेसाठी नावाजलेलं गाव. पण काटेवाडी असो की इंदापूर, वेफर्सच्या रिकाम्या पुडीला भंगारवाला सहसा हात लावत नाही. दुधाची पिशवी तो घेतो, कारण ती पॉलिइथिलीन या एकाच जातीच्या प्लास्टिकची.

पुडीत मात्र पॉलिप्रोपिलीनवर अॅल्युमिनियमचा मुलामा असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. तो ऑक्सिजन आणि ओल अडवतो. नाहीतर तेल खवट झालं असतं आणि वेफर्स मऊ पडले असते. कित्येक वेष्टनांत तर पॉलिएस्टर आणि पॉलिइथिलीन एकमेकांना चिकटवलेले. वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे हे थर सुटे करायचे कोणी?

2022 च्या केंद्रीय नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली. बहुस्तरीय वेष्टनांच्या पुनर्चक्रणाचं लक्ष्य 2024-25 साठी 30 टक्के, 2027-28 पासून 60 टक्के. त्यामुळे हवा आणि ओल अडवणाऱ्या प्लास्टिकची मागणी संपत नाही, तिचा रोख बदलतो. आता पॉलिइथिलीनच्याच फिल्ममध्ये ईव्हीओएच (इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल) या ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर देतात. प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असलं तर पुनर्चक्रणात तो खपून जातो. खोड एकच: ओल लागली की ईव्हीओएचची ऑक्सिजन अडवण्याची ताकद घटते, म्हणून त्याला दोन थरांमध्ये दडपावं लागतं.

थरच नको, हा हट्ट मला पटत नाही. बारामतीत चीज बनतं. त्याला हवा लागली की बुरशी धरते. आणि थराविना किलोभर चीज वाया गेलं, तर त्याला लागलेलं सुमारे दहा लिटर दूधही वाया जातं.