धुरीची पेटी

फिनलंडमध्ये तळ्याकाठच्या बहुतेक उन्हाळी घरांच्या परसात एक पत्र्याची पेटी असते. बाहेरून काळवंडलेली, आतून तपकिरी तकाकी चढलेली. वर झाकण, आत जाळी, जाळीखाली चरबी झेलणारं ताट आणि तळाशी मूठभर लाकडाच्या ढलप्या. फिरणारा, हलणारा एकही भाग तिच्यात नाही. खाली जाळ केला की ढलप्या पेट न घेता धुमसतात आणि अर्ध्या-पाऊण तासात मासा शिजतोही आणि धुरावतोही. तिथली माणसं तिच्याकडे कढई-तव्याइतकंच सहज पाहतात, तिचं कौतुक वगैरे करत नाहीत. मला मात्र ते करावंसं वाटतं. ज्या माशाला कुणी हात लावत नाही त्याला ताटात मानाने बसवणारं इतकं साधं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी तळी मोजली तर या देशात ती १,८८,००० च्या आसपास भरतात. ‘मॉक्की’ म्हणतात ती उन्हाळी घरं पाच लाखांच्या घरात आहेत. साध्या काठीला दोरा आणि गळ बांधून, किंवा हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरायला कुणाचा परवाना लागत नाही. सॅल्मनसारखे मासे ज्या नद्यांतून चढतात तिथले वेगवान प्रवाह तेवढे वगळलेले. हा हक्क परदेशी माणसालाही आहे. रीळ आणि नकली आमिष वापरायचं असेल तर १८ ते ६९ या वयाच्या माणसाने सरकारी शुल्क भरायचं. त्यामुळे एस्पोत किंवा हेलसिंकीत आयटीच्या नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांतही पहिल्याच उन्हाळ्यात गळाची काठी येते, आणि गळाला बहुधा पहिला लागतो तो आहवेन: हिरवट अंगावर काळे पट्टे, लालभडक पर. हा तिथला राष्ट्रीय मासा. चवीला उत्तम, तळला तरी छान. त्याला पेटीची गरज नाही, हे आधीच सांगून टाकते.

आपल्याकडे मासा टिकवायचा म्हटलं की डोळ्यांपुढे ऊन येतं. वसई-वर्सोव्याला बोंबील वलांडीवर टांगले की वारा आणि ऊन बाकीचं काम करतात. फिनलंडला ती चैन फारशी नाही. ऑगस्ट सरला की हवा दमट, ऊन तिरपं, आणि लाकूड मात्र हवं तेवढं. म्हणून तिथे मीठ आणि धूर. आपल्या ईशान्येच्या पावसाळी डोंगरांतही चुलीवर मचाण बांधून मासा धुरावतात, त्यामागचं कारण हेच. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. तो मासा दिवसचे दिवस धुरात वाळवलेला असतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. पेटीतला मासा टिकवण्यासाठी नसतोच. आता घरोघरी फ्रीज आहेत, तिथे धूर उरला आहे तो चवीसाठी. संध्याकाळी पेटी पेटते आणि रात्रीच्या जेवणाला मासा संपतो.

मी हे शिकले ते लाहती शहराजवळ, वेसियार्वी तळ्याच्या काठी, शेजारच्या एका आजोबांकडून. ते फारसं बोलत नसत, पण हात बघत राहिलं की सगळं कळे. त्यांचा आवडता मासा लाहना. उभा चपटा, चांगला हातभर, कांस्याच्या रंगाचा आणि अंगावर एवढा बुळबुळीत चिकटा की हातात धरवत नाही. रोहू-कटल्याच्या गोतातला, म्हणून काटेही तसेच: मांसाच्या आत रुतलेले, टोकाला दुभंगलेले बारीक काटे. तळून खायला बसलं तर अर्धं लक्ष काट्यांत जातं.

आजोबा मासा वर आला की लगेच डोक्यावर एक नेमका घाव घालत, कल्ल्यांखाली सुरी फिरवून रक्त वाहू देत आणि मासा बर्फात ठेवत. पोट फाडून आतडी काढली की कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढायची. ती राहिली तर कडवटपणा येतो आणि मग धुराच्या नावाने खडे फोडले जातात. खवले काढायचे नाहीत. चिकटा तेवढा जाड्या मिठाने चोळून पुसायचा. मग आतबाहेर मीठ लावून किलोभराचा मासा दोनेक तास ठेवायचा, धुवायचा, कोरडा करायचा आणि सावलीत वाऱ्याला टांगायचा.

घाई करणारा माणूस नेमकं हे टांगणंच गाळतो, आणि माझ्या मते सगळं यश त्यातच आहे. मिठामुळे मांसातली थोडी प्रथिनं विरघळून पृष्ठभागावर येतात, वाऱ्याने त्यांचा पातळ, चिकटसर पापुद्रा बनतो. धुरातले चवीचे आणि रंगाचे घटक या पापुद्र्यावर एकसारखे बसतात. कातडी ओली राहिली तर धुरातली आम्लं पाण्याच्या थेंबांत उतरतात आणि माशावर काळे, आंबट-कडू ओघळ उमटतात. बोट लावल्यावर कातडी ओली न लागता किंचित चिकटली की मासा पेटीसाठी तयार झाला.

लाकूड लेप्पॅचं, म्हणजे आल्डरचं. हिमालयात उतीस नावाने ओळखलं जाणारं झाड त्याच कुळातलं. फिनलंडच्या जंगलात पाइन आणि स्प्रूस यांचं राज्य आहे, पण त्यांच्या राळेमुळे काजळी धरते आणि टर्पेंटाइनचा वास लागतो. आल्डर तळ्याच्या काठाने आपोआप उगवतो, फर्निचरवाले त्याच्या फार मागे लागत नाहीत, आणि त्याचा धूर सौम्य, किंचित गोडसर असतो. साल मात्र सोलून टाकायची, ती कडवट असते. मोठ्या पेटीलाही एक-दोन मुठी ढलप्या पुरतात. आजोबा त्यावर जुनिपरची एक बारीक फांदी ठेवत आणि एक साखरेचा खडा टाकत. खड्याने रंग सोनेरी येतो.

जाळ पेटला की पहिली काही मिनिटं झाकण किलकिलं ठेवायचं. आधी बाहेर पडते ती पांढरी वाफ, तिला जाऊ द्यायचं. धूर निळसर, पातळ झाला की झाकण बंद. पाऊण किलो ते किलोचा मासा अर्धा ते पाऊण तास घेतो. मधे मधे झाकण उघडून बघायचा मोह आवरायचा, कारण उघडलं की आत हवा शिरते आणि धुमसणाऱ्या ढलप्या भडकतात. शेवटी पाठीवरचा पर दोन बोटांत धरून ओढायचा. तो मुळासकट, एक कणही मांस न घेता निघून आला की मासा झाला. थर्मामीटर असेल तर कण्याजवळ ६३ अंश दिसायला हवेत. आजोबांकडे थर्मामीटर नव्हता.

पेटीत काय घडतं, हे समजलं की या सगळ्या काटेकोरपणाचा अर्थ लागतो. लाकडात मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. हवा अपुरी मिळाली की ते जळण्याऐवजी तुटत जातं. लिग्निनमधून ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही फिनॉल वर्गातली संयुगं सुटतात. ज्याला आपण ‘धुराचा वास’ म्हणतो तो मुख्यतः त्यांचाच. सेल्युलोजच्या बाजूने सुटणारी कार्बोनिल संयुगं कातडीतल्या प्रथिनांशी जुळतात आणि सोनेरी तपकिरी रंग येतो. म्हणजे आच मंद हवी. ढलप्यांनी पेट घेतला, किंवा माशाची चरबी थेट त्यांच्यावर टपकली, तर बेन्झोपायरीनसारखे कर्करोगकारक पदार्थ वाढतात. धुरावलेल्या माशात त्याचं प्रमाण किलोमागे दोन मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असा युरोपीय संघाचा २०१४ पासूनचा दंडक आहे. जाळीखालचं ते ताट म्हणूनच असतं. धुवायचा त्रास नको म्हणून ते काढून ठेवणारे मी पाहिले आहेत. कृपा करून काढू नका.

आता लाहनाकडे आणि त्याच्या धाकट्या भावंडाकडे, सॅर्कीकडे वळते. सॅर्की म्हणजे वीतभर, चंदेरी, लाल डोळ्यांचा मासा. काटे लाहनासारखेच आणि मांस त्याहून कमी. या दोघांना फिनलंडमध्ये बरीच वर्षं सरळ ‘कचरा मासा’ म्हणत. गळाला लागला तर मांजराला, नाहीतर झुडपात. आणि नेमके हेच मासे तळी बिघडली की वाढतात.

वेसियार्वीची गोष्ट याच मुद्द्याची आहे. तळ्याचं पाणी एके काळी इतकं निर्मळ होतं की त्याची ख्याती होती. लाहती शहर वाढलं तसं शहराचं सांडपाणी त्यात जाऊ लागलं. १९७६ मध्ये ते दुसरीकडे वळवलं, पण पुढची दहा वर्षं उन्हाळा आला की पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा दाट तवंग यायचाच. कारण शोधता शोधता लक्ष माशांकडे गेलं. सॅर्की पाण्यातले सूक्ष्म प्राणी खाते. ते प्राणी शेवाळ खातात. त्यांनाच कुणी फस्त केलं तर शेवाळाला रोखणारं उरत नाही. त्यात हे मासे तळाचा गाळ चाळतात आणि त्यात साठलेलं फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळतं. मग १९८९ ते १९९३ या पाच वर्षांत जाळी ओढून वेसियार्वीतून हजार टनांहून अधिक मासे काढले, मुख्यतः सॅर्की आणि स्मेल्ट. शेवाळाचा तवंग झपाट्याने ओसरला. तळ्यांच्या अभ्यासात हे उदाहरण आजही दिलं जातं.

काढलेल्या माशांचं करायचं काय, हा प्रश्न तेव्हापासून तिथे आहे. माणसाच्या ताटात जाणारा वाटा हळूहळू वाढतो आहे, त्यांचे डबाबंद प्रकारही दुकानांत आले आहेत. घरगुती पातळीवर मात्र याचं उत्तर पेटीपाशीच आहे, असं माझं मत आहे. तळल्यावर लाहनाचे काटे मांसात घट्ट बसतात. मंद आचेवर धुरावला की मांस ओलसर राहतं, पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं आणि काटे त्यातून सहज वेचता येतात. कातडी खवल्यांसकट एका हिसक्यात निघते, आणि या माशाच्या अंगची चरबी, तव्यावर जिचा चिखलट वास नकोसा होतो, तीच धूर धरून ठेवते. विणीच्या आधीचा, म्हणजे मे महिन्यातला लाहना सर्वांत चांगला.

धोके सांगायला हवेत. फिनलंडच्या गोड्या पाण्यातल्या हाउकी, आहवेन आणि मादे या माशांत चपट्या जंताच्या अळ्या असू शकतात. कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा खाण्याच्या सवयीमुळे हा जंत गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे सर्रास होता. तो कित्येक मीटर वाढतो, माणसाच्या वाट्याचं बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेतो आणि त्यातून पंडुरोग होतो. पेटीतल्या धुरीत मासा पूर्ण शिजतो, अळी मरते. तीसेक अंशांच्या आत दिलेल्या थंड धुरीत ती मरत नाही. तशी धुरी द्यायची तर मासा आधी नीट गोठवावा लागतो, त्यामुळे नवख्याने थंड धुरीच्या वाटेला जाऊ नये. हाउकी हा मोठा शिकारी मासा, त्याच्या मांसात पारा साठतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तो खाऊ नये, असं तिथल्या अन्नखात्याचं स्पष्ट सांगणं आहे. आणि धुरावलेला मासा म्हणजे टिकाऊ मासा, हा समज डोक्यातून काढायला हवा. बॉट्युलिझमचा ‘ई’ प्रकारचा जंतू थंड पाण्याच्या प्रदेशात आढळतो, तो तीन अंशांच्या थंडीतही वाढू शकतो आणि हवाबंद पिशवी त्याच्या सोयीची असते. घरी धुरावलेला मासा पिशवीत बंद करून आठवडाभर ठेवणं हा शुद्ध अविचार आहे. त्याच रात्री खावा, उरला तर फ्रीजच्या सगळ्यात गार कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा.

तिथे तो कोमट खातात. सोबत नवे बटाटे, लोणी, शेपू आणि राय नावाच्या धान्याचा काळा पाव. शेपू म्हटल्यावर आपल्याकडे नाकं मुरडतात, पण या माशासोबत ती जोडी उत्तम जमते. आमच्या घरी उरलेल्या माशाचं दुसऱ्या दिवशी किसमूर होतं: मांस कुस्करून, काटे नीट वेचून, त्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि कोकमाचं आगळ. सुक्या सुंगटांच्या किसमुरात भाजल्याचा जो खमंगपणा असतो, त्याची जागा इथे धूर घेतो. आजोबांनी चाखलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आता तिथे विजेवर चालणारी पेटीही मिळते, गॅलरीत ठेवता येते. चव जवळपास तीच, मात्र इमारतीच्या नियमांत धुराला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्यावं. उन्हाळ्यात फिनलंडला जाणं झालं तर बंदरावरच्या बाजारात सॅल्मन आणि सीका धुरावून मांडलेले दिसतील. दोन्ही चांगले, दोन्ही महाग. तुम्ही लाहना मागा. विक्रेता थोडा चकित होईल, पण असेल तर आनंदाने देईल, आणि नसेल तर गळाची साधी काठी घेऊन तळ्यावर जायला तुम्हालाही परवाना लागत नाही.