पिशवी काढण्याआधी निदान कोण करणार?

आदिवासी बाईच्या आरोग्याचा विषय निघाला की चर्चा बाळंतपणाशी सुरू होते आणि बाळंतपणाशीच संपते. नंदुरबार जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात येते तेही बहुधा मातामृत्यू, बालमृत्यू आणि कुपोषण याच रकान्यांत. हे प्रश्न खोटे नाहीत. पण तीन-चार बाळंतपणे उरकलेली, पस्तिशी गाठलेली बाई महिन्यातले दहा-बारा दिवस रक्त गमावते, चार पावले चालली की धापा टाकते आणि तरीही डोक्यावर मोळी घेते, तिची नोंद कोणत्या रकान्यात होते? ती आता 'माता' राहिलेली नसते, म्हणून सरकारी योजनेच्या हिशेबात ती उरत नाही.

'अंगावर जाते', एवढेच ती सांगते. वैद्यकशास्त्र त्याला गर्भाशयातून होणारा असाधारण रक्तस्राव म्हणते. हा एक आजार नाही, अनेक आजारांचे ते एकच लक्षण आहे. २०११ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने या रक्तस्रावाची कारणे नऊ गटांत मांडली. चार गट डोळ्यांना, सोनोग्राफीला किंवा सूक्ष्मदर्शकाला सापडणारे: पॉलिप म्हणजे अस्तरावरचा कोंब, गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेले अस्तर, फायब्रॉईडच्या गाठी आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीचे बदल. उरलेल्या पाचांत रक्त न गोठण्याचा दोष आहे, स्त्रीबीज वेळेवर न सुटणे आहे, अस्तराचा स्वतःचा बिघाड आहे, औषधांचा किंवा तांबीचा परिणाम आहे, आणि जे कशातच बसत नाही तेही आहे. या नवांपैकी बहुतेक कारणांवर पिशवी न काढता उपचार होऊ शकतात. आपल्या खेड्यापाड्यांत मात्र नऊ कारणांना एकच उत्तर दिले जाते: 'पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.'

या वाक्याने किती संसार कर्जात बुडवले याचा एक हिशेब महाराष्ट्र सरकारपाशीच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नावर २०१९ साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा बायांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. बीडच्या बायांच्या गर्भाशयांना निसर्गाने वेगळा शाप दिला होता काय? नाही. उचल घेतलेली असते, खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, फडात संडास नाही, पाणी नाही, कापड धुवायला आडोसा नाही. पाळी हाच तिथे गुन्हा ठरतो. मग डॉक्टर म्हणतो काढा, आणि बाईलाही वाटते, कटकट गेलेली बरी. याला संमती म्हणायचे की सक्ती, हे वाचकांनीच ठरवावे.

आता सातपुड्याकडे वळू. नवापूर, अक्कलकुवा, तळोदा, धडगाव या भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे सुरत-बारडोलीकडच्या ऊसपट्ट्यात जातात. कोयता तोच, उचल तीच, मुकादमही त्याच जातकुळीचा. बीडची मोजणी बीडपुरती होती. नंदुरबारची बाई घर महाराष्ट्रात ठेवते आणि ऊस गुजरातचा तोडते. तिचे दुखणे कोणत्या राज्याचे, हा वाद घालायला दोन्ही सरकारांना वेळ आहे, तिला तपासायला नाही.

तिच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, सिकलसेलचा. सातपुड्यातील भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांत या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे बाई पांढरीफटक दिसली की 'रक्त कमी आहे' एवढे म्हणून लोहाच्या गोळ्या हातावर टेकवल्या जातात. पण रक्त कमी का आहे? खायला मिळत नाही म्हणून, सिकलसेल आहे म्हणून, की दर महिन्याला ते वाहून जाते म्हणून? तिन्ही कारणे एकाच बाईत असू शकतात. जी सिकलसेलची नुसती वाहक आहे तिला त्यामुळे सहसा रक्तक्षय होत नाही. म्हणून तपासणीत 'वाहक' असे आले की शोध थांबवायचा नसतो, तिथून तो सुरू करायचा असतो. आणि जिला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे तिच्या रक्तात गुठळ्या होण्याचा धोका जास्त असतो. रक्तस्राव थांबवणाऱ्या काही गोळ्या तिला विचारपूर्वकच द्याव्या लागतात.

इथे संशोधनाचा प्रश्न येतो. जगात या विषयावर काम झालेले नाही असे नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरातील स्त्रियांचा पाळीतला रक्तस्राव मोजून १९६६ साली ८० मिलिलिटर ही मर्यादा निघाली. साधारण एक कटिंग चहा. त्याहून जास्त ते 'अति' ठरले. रोजच्या दवाखान्यात एवढे मोजमाप कोण करणार, म्हणून १९९० साली इंग्लंडमध्ये चित्रांचा तक्ता तयार झाला: पॅड किती भिजले त्या चित्रावर खूण करायची आणि गुण मोजायचे. तक्ता चांगला आहे. पण जी बाई जुन्या लुगड्याचे फडके वापरते आणि तेच धुऊन पुन्हा वापरते, तिने कोणत्या चित्रावर खूण करायची? मोजण्याची पट्टीच जिच्यासाठी बनली नाही, तिचे दुखणे मोजपट्टीवर दिसणार तरी कसे? पुढे २००७ साली ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी व्याख्याच बदलली: स्त्रीच्या जगण्यात आणि कामात अडथळा आणतो तो अति रक्तस्राव. म्हणजे शास्त्राने अखेर बाईचा शब्द पुरावा मानला. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो कधी मानणार?

उपचारांचेही तसेच. फिनलंडमध्ये अति रक्तस्रावाच्या २३६ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाची पिशवी काढली, दुसऱ्या गटात गर्भाशयात संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू बसवली. पाच वर्षांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांच्या जगण्याचा दर्जा सारखाच निघाला आणि दुसऱ्या गटाचा खर्च बराच कमी. त्यातल्या ४२ टक्के बायांची पिशवी पुढे काढावी लागली, हेही खरे. म्हणजे निम्म्याहून अधिक बायांची वाचली. शस्त्रक्रिया कधीच नको असे कोणी शहाणा म्हणणार नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, औषधे हरली असतील तर ती जीव वाचवते. आक्षेप आहे तो पहिल्याच भेटीत चाकू उचलण्याला.

दुसरे औषध ट्रानेक्झामिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोतो या बाईंनी पतीसह ते शोधले, १९६२ साली जगापुढे मांडले. स्वस्त गोळी आहे. आणि तिसरे तर आपल्याच देशातले: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जन्मलेली, १९९१ पासून 'सहेली' नावाने बाजारात आलेली गोळी. सरकारी दवाखान्यात ती 'छाया' नावाने मोफत मिळते, पण गर्भनिरोधक म्हणून. हेच औषध भारतातील स्त्रीरोगतज्ज्ञ अति रक्तस्रावावरही वापरत आले आहेत. बाईला मूल होऊ नये याची काळजी व्यवस्थेला आहे, तिचे रक्त वाहू नये याची नाही, असे म्हटले तर काय चुकले? (अर्थात कोणतीही गोळी तपासणीशिवाय घेऊ नये. निदानाचा आग्रह आहे तो यासाठीच.)

निदान खेड्यात होऊ शकत नाही, ही सबब महाराष्ट्रातच खोटी ठरली आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची गावातच तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. मुका मार सोसणाऱ्या बाया बोलल्या, कारण त्यांना कोणीतरी त्यांच्या गावात जाऊन विचारले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२० साल उजाडले. आता ते आहे. मोलगी, तोरणमाळ, धडगावच्या बायांचा रक्तस्राव, रक्तक्षय आणि सिकलसेल एकत्र अभ्यासण्याची जागा पुण्या-मुंबईत नाही, याच महाविद्यालयात आहे.

मात्र संशोधन म्हणजे आमच्या बाया प्रयोगाचे उंदीर नव्हेत, हेही बजावले पाहिजे. २००९-१० साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचा जो प्रकल्प राबवला गेला, त्यात कित्येक मुलींच्या संमतिपत्रावर वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. वाद लसीच्या गुणाचा नव्हता, माणसाला विचारण्याचा होता. पावरी-भिलोरीत समजावून सांगणे, आशाताईला सोबत घेणे, नको म्हणणाऱ्या बाईचा उपचार न तोडणे आणि निष्कर्ष गावात येऊन सांगणे, एवढे तरी बंधनकारक हवे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. स्त्रीच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, तेव्हा तिच्या विश्रांतीच्या खर्चाचा वाटाही त्याने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो युक्तिवाद साखर कारखान्याला आजही लागू पडतो. पाळीच्या दिवसाचा खाडा बाईच्या अंगावर का?

कायदा तर बाजूने आहे. बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधील अनावश्यक शस्त्रक्रियांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीय स्त्रियांना याची झळ अधिक बसते, हा त्यातला मुद्दा होता. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्या सूचनांनुसार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या असाव्यात, आणि चाळिशीच्या आतल्या स्त्रीची पिशवी काढली तर रुग्णालयाने, खासगी असो वा सरकारी, ते कारणासह कळवावे.

सप्टेंबर २०१० मध्ये देशातील पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली गावच्या एका बाईला दिला गेला. पंतप्रधान स्वतः आले होते. त्या जिल्ह्यातल्या बाईला क्रमांक पहिला मिळाला. हिमोग्लोबिनचा आकडा आणि सोनोग्राफीची तारीख मात्र अजून मागावी लागते. तर मागूया. तालुक्यातालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज करावा: देखरेख समिती कोणत्या तारखेला स्थापन झाली, तिच्या बैठका किती झाल्या, २०२३ पासून चाळिशीच्या आतील किती स्त्रियांच्या पिशव्या कोणत्या कारणाने काढल्याचे कळवले गेले, आणि त्यांतल्या किती जणींची आधी सोनोग्राफी व सिकलसेल तपासणी झाली होती. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे.