विसरत्या मनाचा बोलका सोबती

वार्धक्यांतील प्रत्येक विसर हा रोग नव्हे. परंतु स्मृतिभ्रंश हा रोग होय. त्याच्या आरंभीं बहुधा जुनें आठवतें, सकाळचें मात्र पुसून जातें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत भारतांतील साठीपुढील सुमारें ८८ लक्ष माणसांस हा विकार असल्याचा अंदाज निघाला.

अशांच्या सोबतीस बोलतें यंत्र घडवावयाचें, तर त्यास अमरावती-अकोल्याची बोली आधीं कळली पाहिजे. वऱ्हाडींत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘म्या गोयी घेतली काय?’ या प्रश्नानें पुस्तकी मराठी शिकलेलें यंत्र गोंधळलें, तर रुग्णास वाटेल कीं चूक आपलीच.

यंत्रानें ‘आठवतें का?’ अशी परीक्षा घेऊं नये. वाक्य लहान असावें, एका वेळीं एकच प्रश्न असावा, आणि दहाव्यांदा विचारलें तरी उत्तर पहिल्याच शांतपणानें यावें. मात्र औषधाची नोंद नसेल तेव्हां ‘मला ठाऊक नाहीं, सूनबाईंस विचारूं’ असेंच त्यानें म्हणावें. अंदाजानें दिलेल्या ‘नाहीं’मुळें तीच मात्रा दोनदां पोटांत जाईल.

१९६६ सालीं अमेरिकेंत जोसेफ वायझेनबॉम यांनीं ‘एलायझा’ नांवाचा संवाद करणारा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यास अर्थ कळत नव्हता, तरीहि माणसें त्याच्यापाशीं मन मोकळें करूं लागलीं. म्हणून आजोबांनीं ‘तूं कोन?’ असें विचारतांच ‘मी यंत्र आहें’ हेंच उत्तर यावें. परगांवच्या मुलाचा आवाज त्यानें काढूं नये. आजोबांचें बोलणें आणखी कोणीं ऐकावें, हेंहि त्यांना समज आहे तोंवर त्यांनाच विचारून ठरवावें.