उन्हाचा हिशेब

संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की पाल भिंतीवरून छताशी येते आणि उलटी लटकून किड्याची वाट बघते. कधी मिनिटभर, कधी अर्धा तास. ती खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटलेली असेल तेव्हा जवळ जाऊन तिचे पाय जरूर बघा. बोटांखाली वहीच्या ओळींसारख्या आडव्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्यांवर केस असतात, आपल्या डोळ्यांना न दिसणारे. आग्नेय आशियातल्या टोके नावाच्या मोठ्या पालीवर त्यांचे मोजमाप झाले आहे: एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे १४ हजार केस, चारही पायांवर मिळून ६५ लाख. एकेका केसाच्या टोकाला पुन्हा शेकडो फाटे, आणि त्या फाट्याचे टोक इतके बारीक की आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत तशी तीनेकशे शेजारी शेजारी मावतील. हे सगळे केस एकाच वेळी पुरते चिकटले तर १३० किलो वजन पेलू शकतील, असे शास्त्रज्ञांचे गणित सांगते. पालीचे स्वतःचे वजन काही तोळे.

मला मात्र त्याहून थक्क करते ती दुसरी गोष्ट. नुकतीच मेलेली पालसुद्धा जिवंत पालीइतक्याच जोराने चिकटून राहते, हे प्रयोगातून दिसले आहे. म्हणजे लटकण्यासाठी तिला स्नायूंचा जोर खर्चावा लागत नाही. रात्रभर छताला टांगून राहायचे आणि त्यासाठी जवळजवळ काहीच मोजायचे नाही!

सरपटणाऱ्या प्राण्यांचे बरेचसे विलक्षण आकडे अशाच काटकसरीतून निघतात. आपण जे जेवतो त्याचा मोठा भाग शरीर ३७ अंशांवर ठेवण्यातच जळून जातो. सरडा, साप, कासव ही ऊब उन्हातून घेतात. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या खाण्यावर त्यांचे भागते. शाळेत आपण त्यांना 'थंड रक्ताचे' म्हणायला शिकलो, पण तो शब्द त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. वाळवंटातल्या काही सरड्यांचे रक्त भर दुपारी ४० अंशांच्या वर असते. आपल्याला एवढा ताप आला तर घरचे धावत डॉक्टर गाठतील.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १२ हजारांहून अधिक जाती आज माहीत आहेत. त्यांत मगरी-सुसरी तिसाच्या आत, कासवे साडेतीनशेच्या थोडी वर, बाकी जवळजवळ सगळे सरडे, पाली आणि साप. न्यूझीलंडच्या टुआटाराचा तर गटच वेगळा आणि त्यात उरलेली जात एकच. नव्या जाती अजून सापडतात. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा फुलवणारा सरडा आहे. २०१६ मध्ये त्याचे आणि त्याच्या भावंडांचे शास्त्रीय बारसे झाले तेव्हा त्या गटाचे नाव ठेवले गेले 'सरडा'. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द आता जगभरच्या शास्त्रग्रंथांत जसाच्या तसा आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

उबेचा खर्च नसला की देह किती लहान होऊ शकतो? मादागास्करच्या उत्तरेकडच्या जंगलात सापडलेल्या आणि २०२१ मध्ये नोंदवलेल्या एका शॅमेलिऑनच्या नराचे धड साडेतेरा मिलिमीटर भरले. शेपटीसह २१.६ मिलिमीटर. बोटाच्या पेरावर तो आरामात उभा राहतो, आणि त्या देहात हृदय, फुप्फुसे, डोळे, सगळे जिथल्या तिथे. दुसऱ्या टोकाला फिलिपिन्समध्ये २०११ साली पकडलेली लोलाँग ही खाऱ्या पाण्यातली मगर: ६.१७ मीटर लांब, वजन १,०७५ किलो. त्या शॅमेलिऑनसारखे २८५ नर एकामागे एक ओळीने ठेवले तर मगरीची लांबी भरेल.

मोठेपणाचे माप मात्र हवा ठरवते. बाहेरची ऊब जितकी जास्त तितका मोठा साप जगू शकतो. त्यामुळे पुराण्या सापाचे हाड हे त्या काळाचे थर्मामीटरच ठरते. कच्छमधल्या पानांध्रोच्या लिग्नाइट खाणीत २००५ मध्ये २७ मणके मिळाले. आधी ते मगरीचे वाटले. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केले की हा साप आहे, ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, ११ ते १५ मीटर लांबीचा. नाव दिले वासुकी. वरचा आकडा धरला तर एसटीची बस संपून त्याची शेपूट मागे उरेल. आणि त्याच्या देहावरून त्या काळच्या कच्छचे वर्षाचे सरासरी तापमान काढले, ते आले सुमारे २८ अंश.

आजचा अजगर तेवढा नाही, पण त्याचा हिशेब तितकाच चक्रावणारा. तो महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. उपासात आतडी आकसतात, शरीर सगळी भट्टी विझवून ठेवते. मग एकदा मोठे भक्ष्य गिळले की ब्रह्मदेशी अजगराच्या हृदयाचे वजन ४८ तासांत ४० टक्क्यांनी वाढते आणि शरीराचा ऊर्जावापर ४० पटींपर्यंत चढतो. पचन संपले की हृदय पुन्हा पहिल्यासारखे.

कमी खर्चाचा आणखी एक लाभ म्हणजे दीर्घ आयुष्य. सेंट हेलेना बेटावर १८८२ मध्ये आणलेले जोनाथन नावाचे कासव तेव्हाच पूर्ण वाढलेले होते, म्हणून त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा धरतात. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले ते हेच साल. टुआटारा तर म्हातारपणीही संसार थाटतो: हेन्री नावाचा नर २००९ मध्ये, सुमारे १११ व्या वर्षी, ११ पिल्लांचा बाप झाला.

या सगळ्यात माझा जीव अडकतो तो समुद्री कासवात. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी दीड फूट खोल खड्डा करते आणि एका बैठकीत शंभरेक अंडी घालून परत जाते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये जिच्या पायाला '०३२३३' क्रमांकाची पट्टी लावली होती ती मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. किनाऱ्याकिनाऱ्याने हे अंतर काही हजार किलोमीटर भरते. वेळास, आंजर्ले, गुहागरचे कासवमित्र पहाटे माग काढत जातात, अंडी हॅचरीत नेऊन पुरतात आणि ४५ ते ६० दिवस राखण करतात. हजार पिल्लांमागे एखादेच मोठे होते, हे ठाऊक असूनही करतात.

त्या खड्ड्यातली वाळू अंडी नुसती उबवत नाही. पिल्लू नर की मादी हेही तीच ठरवते. २९ अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, वाळू थंड असेल तर नर वाढतात, दोन-तीन अंश तापली की जवळजवळ सगळ्या माद्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या समुद्री कासवांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक दशकांपूर्वी जन्मलेल्या प्रौढ कासवांत माद्या ८७ टक्के होत्या. अलीकडे जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्के.