गॅरेजमधला उंदरांचा रॅक

अमेरिकेत हौसेने अजगर पाळणाऱ्यांच्या घरी पाहुण्यांना सापांची खोली आवर्जून दाखवतात. उंदरांचा रॅक मात्र गॅरेजमध्ये किंवा मागच्या शेडमध्ये असतो आणि तिकडे सहसा कुणाला नेत नाहीत. माझ्या मते माणसाची पारख करायची तर याच रॅकपाशी करावी. सापांचे रॅक तयार मिळतात. उंदरांचा रॅक बहुतेक जण स्वतः बांधतात, आणि त्यात राहणाऱ्या जिवाचा किती विचार केला आहे हे त्याच्या सांध्यासांध्यांत दिसतं.

अजगरांच्या खाण्यासाठी घरी उंदीर वाढवण्याची गरज मुख्यतः बॉल पायथनमुळे वाढली. घाना, टोगो, बेनिन या भागातला हा आखूड, जाडजूड अजगर खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतो. १९९२ साली बॉब क्लार्क यांनी त्याची पांढरी-पिवळी अल्बिनो पिलं काढली, आणि रंगांच्या नव्या जातींसाठी अजगरांची पैदास करणारे घरोघरी तयार झाले. गोठवलेले उंदीर बाजारात मिळतात. पण अजगरांची संख्या वाढली की घरचीच पैदास बरी वाटू लागते.

उंदीर मुद्दाम पाळण्याचं काम त्याहून बरंच जुनं आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनला जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. वेगळ्या रंगाचे उंदीर सापडले की तो ते मारत नसे, वाढवत असे. १९०६ मध्ये हेन्री डोनाल्डसन यांनी फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये पांढऱ्या उंदरांची वसाहत आणली आणि हेलन डीन किंग यांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या त्यांची वंशावळ सांभाळली. जगभरच्या प्रयोगशाळांतले कितीतरी उंदीर आजही विस्टार याच नावाने ओळखले जातात. उंदराला किती जागा, किती ऊब आणि किती हवा लागते, हे ज्ञान प्रयोगशाळांतून आलं. गॅरेजमधल्या सुताराने ते समजून घ्यायलाच हवं.

आता रॅककडे वळू. त्याचा पाया असतो सिमेंट कालवायचा काळा प्लास्टिकचा टब. अमेरिकेत हार्डवेअरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. प्लास्टिक जाड आणि आतून गुळगुळीत असल्यामुळे उंदराच्या दाताला धरायला कड मिळत नाही. काळ्या रंगामुळे आत अंधार राहतो. रात्री हिंडणाऱ्या, आणि अल्बिनो असेल तर प्रखर उजेडाने डोळे खराब होणाऱ्या या प्राण्याला तो मानवतो.

टबला वरच्या बाजूने बाहेर वळलेली कड असते. दोन आडव्या पट्ट्यांवर ही कड टेकवली की टब खणासारखा आतबाहेर सरकतो. झाकण वेगळं नसतंच. पट्ट्यांच्या वर अर्ध्या इंचाच्या चौकोनांची गॅल्व्हनाइज्ड जाळी ताणून बसवतात, आणि टब आत ढकलला की तीच त्याचं झाकण होते. बाहेर ओढला की तो आपोआप उघडा. या रचनेचं मला मनापासून कौतुक वाटतं. रोज उघडायच्या वस्तूला बिजागरी नाही, कडी नाही, हरवेल असा एकही भाग नाही.

पण टब आणि जाळी यांच्यात फट राहिली तर सगळं फुकट जातं. प्लास्टिकची लांब बाजू मध्यावर लवते, तिथे फट पडते, आणि उंदराचं डोकं शिरलं की मागून अंग येतंच. म्हणून मध्ये एक आधाराची पट्टी देतात आणि जाळी वरच्या लाकडाच्या खालच्या अंगाने ठोकतात. त्यामुळे लाकडाची कड उंदराच्या तोंडाशी येत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं ही त्याची रोजची गरज असते. पट्टी ओढून ताणून घट्ट बसवणंही चुकीचं. पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि टब अडकतो. समोर लाकडाची एक फिरती खिट्टी हवी, नाहीतर आतून ढकलून उंदीर टब पुढे सरकवतात.

सगळ्यात नाजूक भाग पाण्याचा. वर एक बादली, तिच्यातून खाली नळी, आणि प्रत्येक टबमागे स्टीलचं निपल. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. आतली काडी जिभेने ढकलली की थेंब येतो. पंप लागत नाही. एक मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक दशांश बार असतो आणि तेवढा पुरतो. निपल मागच्या पट्टीवर पक्कं बसवतात आणि टबच्या मागच्या भिंतीला भोक पाडतात. टब आत सरकला की निपल त्या भोकातून आत येतं. भोकाची कड कुरतडली जाऊ नये म्हणून तिथे धातूची चकती लावावी लागते. नळी काळी असावी, कारण पारदर्शक नळीत शेवाळ धरतं आणि निपल तुंबतं.

निपलची उंची फार विचार करून ठरवावी. तीन आठवड्यांच्या पिलाचं तोंड पोचेल इतकं ते खाली हवं. पण टबमध्ये अंथरलेला भुसा त्याला टेकता कामा नये. टेकला तर काडी दबून राहते, पाणी रात्रभर झिरपतं, आणि सकाळी डोळे न उघडलेली पिलं बुडून मेलेली सापडतात. उलट निपल तुंबलं तर कोरडं खाणं खाणारे उंदीर फार काळ तग धरत नाहीत. म्हणून प्रत्येक निपल रोज बोटाने दाबून पाहावं. याला सुट्टी नाही.

खाद्याची सोय सोपी. जाळीत एक खोलगट खिसा करून त्यात दाणेदार खाद्याच्या कांड्या टाकायच्या. उंदीर खालून कुरतडून खातात, खाणं घाण होत नाही.

रॅकचे खण किती असावेत, हे उंदरांच्या विणीवर ठरतं. गाभणकाळ २१ ते २३ दिवसांचा, एका विणीला दहाच्या आसपास पिलं, आणि तीन आठवड्यांनी दूध तुटतं. व्यालेली मादी नराजवळच राहिली तर एका दिवसात पुन्हा गाभण राहू शकते. हे चालू देणारे पैदासकार आहेत. मला ते क्रूर वाटतं. पोट दिसू लागलं की मादीला वेगळ्या खणात हलवावं, पिलांचं दूध तुटल्यावर तिला विश्रांती द्यावी. पाच आठवड्यांच्या आत नर-मादी पिलं वेगळी करावी लागतात. त्यामुळे रॅक बांधताना वापरातल्या खणांइतकेच रिकामे खणही धरून चालायला हवं.

हवेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. मुताने भिजलेल्या भुशातून अमोनिया निघतो, आणि उंदरांत सर्रास आढळणारा मायकोप्लाझ्माचा श्वसनविकार त्याने बळावतो. खोलीत पंखा हवा आणि भुसा वेळेवर बदलायला हवा. देवदाराचा सुवासिक भुसा टाळावा, कारण त्यातली द्रव्यं फुप्फुसांना आणि यकृताला बाधतात. उकाड्याचाही विचार हवा. उंदराला अंगभर घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता सोडतो. प्रयोगशाळांसाठी २० ते २६ अंश सेल्सियस सांगितलेलं असताना टेक्सासच्या उन्हाळ्यातलं बंद गॅरेज म्हणजे भट्टीच.

हे उंदीर शेवटी अजगराच्या पोटात जाणार, मग एवढी काळजी कशाला, असं विचारणारे भेटतात. मला ते पटत नाही. मरण झटपट आणि कमी वेदनेचं असावं ही जबाबदारी पाळणाऱ्याची आहे, तशीच त्याआधीच्या जगण्याचीही आहे.

आपल्याकडे या रॅकला तसं काम नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी साप घरात पाळता येत नाहीत. पण परदेशात राहणारा कुणी मराठी वाचक हा उद्योग करत असेल, तर त्याला एक सांगणं आहे. व्यालेल्या मादीसाठी प्रयोगशाळांच्या अमेरिकी मार्गदर्शिकेत किमान १२४ चौरस इंच जागा आणि ७ इंच उंची सांगितली आहे. नेहमीचा मध्यम टब साधारण २६ बाय २० इंचांचा असतो, म्हणजे जागा भरपूर. पण खोली जेमतेम ६ इंच, आणि त्यातही भुसा. उंदराला मागच्या पायांवर उभं राहायचं असतं. मोठा टब ८ इंच खोल मिळतो. चार खण कमी झाले तरी चालतील, पण तोच घ्या, आणि टब हातात आल्याशिवाय लाकडाला करवत लावू नका.